भिंतीतलं रिकामं कपाट : बसून काम करायची जागा होईल का?

उंबरा

मंडळी, सल्ला हवाय. आमच्या बेडरूममध्ये भिंतीत बांधलेलं एक कपाट आहे, म्हणजे सुटं फर्निचर नाही, दोन्ही बाजूंना भिंत, मागे भिंत आणि पुढे दोन पल्ले. घरात राहायला आल्यापासून ते असंच पडलंय. आत काय आहे तर एक बिघडलेला टेबलफॅन, एक जुनी प्रवासी बॅग आणि तीन रिकामे खोके, ज्यांतल्या वस्तू केव्हाच मोडल्या पण खोके मात्र नवऱ्याने "लागतील कधीतरी" म्हणून जपून ठेवलेत.

मी घरून काम करते आणि गेली दोन वर्षं पलंगावर मांडी घालून लॅपटॉप मांडीवर. आता पाठ बोलायला लागलीय. वेगळं टेबल ठेवायला जागा नाही. म्हणून डोक्यात आलं की याच कपाटातले कप्पे काढून तिथे टेबल केलं तर? रुंदी ४ फूट, उंची ७ फूट, खोली २२ इंच. कुणी असं केलंय का? सुताराला बोलवायच्या आधी काय काय बघू?

निवांत

खोली २२ इंच?? मुंग्या राहतात का तुमच्याकडे? (हलके घ्या.)

उंबरा

कपाटाची खोली हो! आतपर्यंतची. राहायची खोली नाही :)

खटपट्या

तरी मुद्दा तोच आहे, खोली करायची तर आधी खोली मोजा. २२ इंच तुम्ही कुठून कुठपर्यंत मोजली? पल्ल्याच्या आतल्या बाजूपासून का चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून? पल्ले ठेवणार असाल तर आतलं माप धरायचं, काढणार असाल तर चौकटीपर्यंत इंच-दीड इंच आणखी मिळतो. आणि रुंदी एकदा मोजून भागत नाही, मागे, मध्ये, पुढे आणि त्याही वर-खाली मोजा, सगळीकडे वेगवेगळी येईल, लिहून देतो. भिंतीला ओळंबा लावला की गवंड्याचा मूड कळतो. आमच्याकडे मागची रुंदी पुढच्यापेक्षा पाऊण इंच कमी निघाली, फळी कापून आणलेली, ती आत जाईचना. शेवटी सुताराने दारात बसून तासभर रंधा मारला आणि भुसा आठवडाभर गाद्यांतून निघत होता.

तेव्हापासून मी काय करतो तर पुठ्ठ्याचा कागदी साचा आधी आत बसवून बघतो, तो नीट बसला की त्यावरून फळी.

रंधा

उंबराताई, २२ इंचात लॅपटॉपचं टेबल आरामात होतं. मोठा मॉनिटर लावणार असाल तर मात्र तो भिंतीला ब्रॅकेटवर घ्या, कारण डोळ्यापासून साधारण हातभर अंतर लागतं, आणि स्टँड ठेवला की पुढची सात-आठ इंच जागा तोच खातो.

उंचीचं सांगतो. सुतार डोळे मिटून ३० इंच करतो. तसं करू देऊ नका. तुमच्या रोजच्या खुर्चीवर बसा, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, खांदे सैल, कोपर काटकोनात, आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायला सांगा. ती तुमची टेबलाची उंची. बुटक्या माणसाला ती २६-२७ पण येते. आणि लॅपटॉप तसाच टेबलावर ठेवून मान घालून बसलात तर एवढा खटाटोप फुकट, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली यायला हवी, म्हणजे लॅपटॉप उंचावर आणि कीबोर्ड-माउस वेगळा.

दुसरं, वाक. ४ फूट गाळा आहे, १८ मिलिमीटरची फळी नुसती दोन टोकांवर टेकवली तर ती वर्षभरात पोट काढणार. हे गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे: फुटामागे भार तेवढाच ठेवून लांबी दुप्पट केली तर वाक सोळापट होतो, आणि जाडी दुप्पट केली तर वाक आठवा हिस्सा उरतो. म्हणून जाडीत कंजुषी नको. मागच्या भिंतीला आणि दोन्ही बाजूंना लाकडी रीप ठोका, टेबल तीन बाजूंनी टेकेल, आणि मोकळ्या पुढच्या कडेला खालून दोन इंचाची उभी पट्टी द्या. मधे पाय देऊ नका, गुडघा तिथेच आपटतो.

वरच्या कप्प्यांत पुस्तकं ठेवणार असाल तर तिथेही हेच. फूटभर पुस्तकांचं वजन सहज ८-१० किलो भरतं, म्हणजे ४ फुटी फळीवर एक मोठं मूल बसल्यासारखंच झालं. पार्टिकल बोर्ड असेल तर दोन फुटांवर मधे आधार हवाच.

निवांत

एवढं सगळं कशाला, पल्ले काढा, पडदा लावा, आत एक घडीचं टेबल सरकवा. एक रविवार पुरे. आवडलं नाही तर परत कपाट.

सुईदोरा

निवांत, तुम्ही म्हणता ते मी केलं होतं. शिलाई मशीन ठेवायला. घडीचं टेबल मशीनच्या धक्क्याने इतकं थरथरायचं की टाके नागमोडी. नंतर सुताराकडून पक्कं करून घेतलं.

पण मी दुसरंच सांगायला आलेय. आमच्या कपाटात आधीच्या लोकांनी वर्षानुवर्षं डांबरगोळ्या ठेवलेल्या. कपडे असतात तोवर काही वाटत नाही, पण तुम्ही तिथे डोकं आत घालून तीन-तीन तास बसणार ना, मग कळतं! माझं डोकं दुखायचं रोज, मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. त्या गोळ्या हवेत उडून जातात असं आपल्याला दिसतं पण तो वास कच्च्या लाकडात मुरतो. सोडा ठेवला, कोळसा ठेवला, फरक नावाला. शेवटी दोन आठवडे दारं सताड उघडी ठेवून समोर पंखा लावला, मग फळ्या घासून शेलॅकचे म्हणजे लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले तेव्हा वास आत बंद झाला. घरात तान्हं बाळ असेल तर नॅफ्थलीनच्या गोळ्या मुळीच नकोत, काही बाळांच्या रक्तात एका एन्झाइमची जन्मतः कमतरता असते आणि या गोळ्यांनी त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात.

शंकेखोर

सगळे टेबलावर तुटून पडलेत, मला एक साधा प्रश्न आहे. घरात जागा नाही म्हणता आणि एक अख्खं कपाट रिकामं? रिकामं कपाट घरात सहसा टिकत नाही, माणसं त्यात काहीतरी कोंबतातच. हे रिकामं का राहिलं?

उंबरा

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. आता आठवतेय तसं लिहिते. सुरुवातीला चादरी ठेवल्या होत्या, त्यांना कोंदट वास यायला लागला म्हणून हलवल्या. मग ती बॅग ठेवली. आत्ता काढून बघितली तर मागच्या बाजूला हिरवट-पांढरी साय धरलीय. टेबलफॅनच्या तळाला पण गंज आहे. मला वाटायचं बंद कपाट आहे, कोंदणारच.

आणि हो, कपाटाच्या मागे बाथरूम आहे.

शंकेखोर

वाटलंच. सुतार थांबवा.

बंद हवेचा ओलावा आणि भिंतीतून येणारं पाणी या दोन वेगळ्या भानगडी आहेत, त्यांचा इलाजही वेगळा. ओळखायला घरातला अॅल्युमिनियम फॉइल पुरतो. मागच्या भिंतीवर फूटभर चौकोन लावा, चारी कडा चिकटपट्टीने एकदम बंद, हवा आत जायला नको. दोन दिवस तसाच ठेवा. फॉइलच्या तुमच्याकडच्या बाजूला दव आलं तर खोलीतल्या हवेतला ओलावा गार भिंतीवर बसतोय, त्याला हवा खेळती केली की भागतं. फॉइल काढल्यावर आतून, म्हणजे भिंतीकडून ओला निघाला तर पाणी भिंतीतनं येतंय. खाली आणि वर असे दोन-तीन ठिकाणी लावा, म्हणजे कुठे जास्त ते कळेल.

हातासरशी नखाने कप्प्यांच्या मागच्या कडा टोचून बघा. प्लायचे पदर सुटले असतील किंवा बोर्ड फुगून भुसभुशीत झाला असेल तर ते ठेवू नका. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी असेल तर भुंगा, तो वेगळा.

तारेवरची_कसरत

भिंत ओली असेल तर विजेचं माझं म्हणणं आधी ऐका. एक्स्टेन्शन बोर्ड कपाटात टाकून "तात्पुरतं" काम सुरू करू नका. तात्पुरतं काहीच नसतं, मी घरोघरी बघतो, तो बोर्ड पाच-पाच वर्षं तिथेच असतो. वायर पल्ल्याच्या फटीतून जाते, रोज पल्ला तिच्यावर मिटतो, वरचं आवरण दबत दबत एक दिवस फाटतं.

सुईदोरा

इथेच थांबवते, माझीच वायर ती. पल्ल्याला हात लावला तर झिणझिण्या. लाकडी पल्ला, पण कडेला अॅल्युमिनियमची पट्टी होती.

तारेवरची_कसरत

वाचलात. तर भिंत सुकल्यावरच आतमध्ये पक्का पॉइंट घ्या, अर्थिंगसकट, बोर्ड बाथरूमच्या भिंतीवर नाही तर बाजूच्या भिंतीवर, आणि टेबलाच्या वर चार-सहा इंच. टेबलाखाली घेतला तर प्रत्येक वेळी गुडघे टेकून शोधत बसाल. रीप ठोकायला ड्रिल मारण्याआधी भिंतीत पाइप आणि वायर कुठून गेलीय ते बघा, स्विचच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक नको.

दिवा. लोक तो कपाटाच्या छताला मधोमध लावतात आणि मग स्वतःच्याच डोक्याच्या सावलीत लिहितात. वरच्या कप्प्याच्या खाली, पुढच्या कडेजवळ एलईडी पट्टी लावा, डिफ्यूझर म्हणजे उजेड पसरवणारं दुधी झाकण असलेल्या अॅल्युमिनियमच्या खोबणीत, म्हणजे ठिपके दिसत नाहीत आणि पट्टी गारही राहते. ४००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे फार पिवळा नाही आणि फार निळसर नाही असा रंग दिवसभर कामाला बरा. पट्टी १२ किंवा २४ व्होल्टवर चालते, तिचा ड्रायव्हर तापतो, तो कपड्यांच्या किंवा कागदांच्या खाली दडवू नका. जुना तारेचा बल्ब असेल तर तो आधी काढा, कपाटात कपड्याला टेकलेला बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण.

चिऊकाऊ

आमच्याकडे टेबल नाही पण मुलीसाठी खालच्या अर्ध्या भागात वाचायचा कोपरा केलाय, गादी, दोन उशा, एक दिवा. तिला वाटतं तिचं घर आहे. वर अजून कपाटच. एकच सांगते, मूल आत बसणार असेल तर बाहेरून लागणारी कडी, टॉवर बोल्ट, कुलूप काहीही ठेवू नका, लहान भावंडं गंमत म्हणून लावतात. नुसता चुंबकी कॅच, आतून ढकलला की उघडतो. जुन्या फ्रिजना बाहेरून खटक्याची कडी असायची आणि खेळता खेळता मुलं आत अडकून गुदमरायची, अमेरिकेत तर १९५६ मध्ये कायदाच करावा लागला की फ्रिज आतून ढकलून उघडता आलाच पाहिजे. त्यानंतर दाराला लोहचुंबकाची पट्टी आली. कपाटालाही तेच लागू.

आवाज_कमी

मी कपाटात रेकॉर्डिंग करतो, त्यामुळे माझं मत सगळ्यांच्या उलट, कप्पे काढा पण कपडे काढू नका! कपड्यांनी भरलेलं कपाट म्हणजे फुकटचा स्टुडिओ, जाड कपडे आवाजाची वरची किणकिण पिऊन टाकतात. रिकामं कपाट मात्र सगळ्यात वाईट, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, समोरासमोरच्या दोन भिंतींत मीटरभर अंतर असेल तर १७१ हर्ट्झच्या आसपास तो घुमतो, आणि पुरुषी आवाजाचा मूळ सूर त्याच पट्ट्यात येतो. तुमच्या ४ फुटांत ते १४०च्या आसपास खाली येईल. हे खालचं घुमणं कपड्यांनी जात नाही, त्याला पल्ले उघडे ठेवायचे आणि तोंड कपड्यांकडे करून बोलायचं. आणि ते अंड्यांचे ट्रे कृपया लावू नका.

उंबराताई, तुमचे ऑनलाइन कॉल असतील तर तुमच्या पाठीमागे खोलीत एखादा जाड पडदा असू द्या. तुमचा आवाज कपाटातून बाहेर फेकला जाऊन पाठीमागच्या भिंतीवरून परत येणार.

जुनापुराणा

अवांतर : "क्लोजेट" हा शब्द मूळचा कपड्यांचा नाहीच. लॅटिनमधल्या "बंद केलेला" अशा अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि तिथे कित्येक शतकं त्याचा अर्थ एकांतात वाचायची, लिहायची, प्रार्थना करायची छोटी खोली असा होता. कपडे नंतर घुसले. त्यामुळे उंबराताई काही नवीन करत नाहीयेत, कपड्यांना बाहेर काढून मूळ मालकाला जागा परत देताहेत. आपल्याकडे भिंतीतल्याला फडताळ म्हणायचे, त्यात मात्र कुणी बसल्याचं ऐकलं नाही.

उंबरा

अपडेट. फॉइल तीन ठिकाणी लावला होता. वरचा कोरडा. मधला जरासा दमट. खालचा काढला तर भिंतीच्या बाजूने अक्षरशः थेंब, ओघळ खाली पट्टीपर्यंत आलेला. शंकेखोर, तुमच्या नावाला जागलात.

नवरा म्हणतोय वॉटरप्रूफ रंग मारून टाकू आतून आणि करू सुरुवात.

शंकेखोर

साहेबांना सांगा की पाणी बाथरूमकडून येतंय आणि रंग कपाटाकडून मारणार, म्हणजे पाणी रंगाच्या मागे साठणार. फुगे येतील, मग पोपडे पडतील, नाहीतर पाणी वाट काढून वर चढेल. बंद करायचं ते पाण्याच्या बाजूने.

आधी कुठून येतंय ते शोधा. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा बघा, फिरत असेल तर भरलेल्या पाइपमध्ये गळती आहे. मीटर नसेल किंवा काटा स्थिर असेल तर चार-पाच दिवस त्या बाथरूममध्ये अंघोळच करू नका, आणि रोज त्याच जागी नवा फॉइल लावा. ओल हळूहळू कमी व्हायला लागली तर टाइल्सच्या सांध्यातून किंवा जाळीजवळून जातंय. ढिम्म हलली नाही तर पाइप.

उंबरा

पाइप नव्हता. पाच दिवस दुसऱ्या बाथरूममध्ये रांग लावली (त्यावर वेगळा धागा होईल), तिसऱ्या दिवसापासून फॉइलवरचे थेंब कमी. टाइल्सच्या सांध्यांतलं भरणं खालच्या तीन ओळींत पूर्ण निघून गेलेलं, मी रोज बघत होते पण ते निघालंय हे मला दिसलंच नव्हतं. ते खरवडून नव्याने भरून घेतलं, कोपऱ्याच्या सांध्यात सिलिकॉन. आता सुताराला बोलवू?

शंकेखोर

नाही :) गळती थांबली म्हणजे भिंत सुकली असं नाही. विटांच्या भिंतीचा ढोबळ हिशोब इंचाला महिना. तुमची साडेचार इंची असेल आणि एका बाजूला टाइल्स, म्हणजे सुकायला एकच बाजू. पल्ले काढून ठेवा, खालचं फुगलेलं प्लॅस्टर पाडा, पंखा चालू ठेवा. आणि आत हवेची आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र टांगा, ६० टक्क्यांच्या वर सतत राहिली तर बुरशी परत येणारच.

निवांत

एक रविवार म्हणालो होतो मी. शब्द मागे घेतो.

रंधा

पल्ले काढताय ते टाकू नका हं. कुठल्या लाकडाचे आहेत आणि जाडी किती?

उंबरा

१९ मिलिमीटर प्लाय आहे म्हणे, दोन्ही बाजूंना सनमायका. प्रत्येक पल्ला ७ फूट बाय साधारण २ फूट. खालची बाजू थोडी फुगलीय, बाकी ठणठणीत.

रंधा

मग तुमचं टेबल तुमच्या दारातच उभं आहे. फुगलेली बाजू सोडून प्रत्येकातून ४ फुटाचा तुकडा कापा, एकावर एक चिकटवा, जाडी ३८ मिलिमीटर झाली. मघाचं आठवा, जाडी दुप्पट, वाक आठवा हिस्सा. फक्त चिकटवायच्या बाजूचा सनमायका पूर्ण काढायला सांगा, गुळगुळीत सनमायक्यावर फेव्हिकॉल धरत नाही. शिकंजे लावून रात्रभर दाबून ठेवायचं, वर चार विटा ठेवून नाही.

आणि टेबल मागच्या भिंतीला चिकटवू नका, इंचभर फट सोडा. मागची रीप नको मग, बाजूच्या दोन आणि पुढची उभी पट्टी, ३८ ला तेवढं पुरे. फटीतून हवा पण फिरेल आणि चार्जरच्या वायरी पण खाली जातील, मधे भोक पाडायला नको. मागे प्लायचं पॅनल तर मुळीच नको, परत ओल आलीच तर ती तुमच्या डोळ्यासमोर दिसायला हवी.

खटपट्या

पुठ्ठ्याचा साचा विसरू नका. पाऊण इंच!!

उंबरा

पाच महिन्यांनी उगवतेय. काम झालं.

फॉइल चार आठवडे सलग कोरडा निघाल्यावरच सुताराला बोलावलं. रंधा यांनी सांगितलं तसं पल्ल्यांचंच टेबल, उंची २७ इंच. सुतार तीनदा म्हणाला "ताई, तीस करतात सगळे", मी तीनदा कोपर मोजून दाखवलं. मागची रुंदी पुढच्यापेक्षा अर्धा इंच कमी निघाली, साचा होता म्हणून वाचलो. वर एकच कप्पा ठेवला, त्याच्याखाली पट्टीचा दिवा. पॉइंट उजव्या भिंतीवर. पुढे पडदा लावलाय, संध्याकाळी लॅपटॉप बंद केला की तो ओढून घेते आणि ऑफिस दिसेनासं होतं, हे सुख मला अपेक्षितच नव्हतं.

एकच चुकलं, खुर्चीचे हात टेबलाच्या पुढच्या पट्टीला आपटतात, खुर्ची पूर्ण आत जात नाही. पट्टी अर्धा इंच छिलायची का खुर्चीचे हात काढायचे यावर घरात चर्चा चालू आहे. पाठ आता बरी आहे.

वरच्या कप्प्यात पुस्तकं लावणार होते. काल बघते तर तिथे तीन रिकामे खोके.

निवांत

फोटो कुठाय?

रंधा

खुर्चीचे हात काढा. पट्टीला हात लावू नका.